साडेचार बोटं

ही गोष्ट खरं तर सांगायची नव्हती. माझ्या वर्गातल्या अरफाने मला मागच्या बाकावर ओढून नेऊन गळ्याची शपथ घातली होती. "अब्बांची गिऱ्हाइकं पळतील," म्हणाली. पण काही गोष्टी पोटात ठेवल्या की झोप लागत नाही. म्हणून सांगते. फक्त दिवा जरा जवळ घ्या.

अरफाचे अब्बा, बाबाजानभाई, नागापूरला कारखान्यांच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये रंगकाम करतात. टेम्पो, रिक्षा, मोटारसायकलच्या टाक्या. अरफा शाळेत अशी की हजेरीचं तिचं उत्तर पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. पण शेडमध्ये थिनरचा वास नाकात गेला की तिची जीभ सुटते. शाळा सुटली की ती तिथेच. पॉलिश पेपर घासायला तिच्यासारखा हलका हात कुणाचा नाही, असं अब्बाच म्हणतात.

मार्चमधल्या एका सोमवारी केडगावचे सूर्यभानकाका पोत्यात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू घेऊन आले.

"बेस गिटार हाय," पोतं सोडत ते म्हणाले. "तीस वर्सं ऑर्केस्ट्रात वाजवली. आमची मंडळी वारली, तवापासून सहा वर्सं माळ्यावर. आता लेकीचं, जयाचं लगीन हाय. पोरगी अडून बसली. म्हणती, दादा, तुमी वाजवलं न्हाई तर मी हळदच लावून घ्यायची न्हाई. शुक्रवारी सांजच्याला हळद हाय."

"रंग कोणता?"

"पिवळा. हळदीसारखा."

"स्कूल बसचा पिवळा उरलाय माझ्याकडं," अब्बा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "मागं 'सावकाश, मुले उतरत आहेत' पण लिहून देऊ का?"

काका हसले. पण जाताना वळून म्हणाले, "भाई, शुक्रवार चुकवू नका. पोरीला आई न्हाई. एवढं एकच मागितलंय तिनं."

मंगळवारी अब्बांनी तारा काढल्या, दांडा सोडवला. उरली ती काळी, जड बॉडी. तिच्या वरच्या काठाला एका जागी रंग झिजून लाकूड दिसत होतं.

"वाजवणाऱ्याचं कोपर घासतं तिथं," अब्बा म्हणाले.

अरफाने निरखून पाहिलं. कोपराची खूण अशी नसते. तो पंजा होता. तोही वाजवणाऱ्याच्या बाजूने नाही. समोर उभं राहून कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे हात ठेवला असावा, असा.

"अब्बा, हे राहू द्यायचं का?"

"अर्धा जुना, अर्धा नवा रंग कुणी देतं का बेटा? काढ सगळं."

रिमूव्हर लावला तसा काळा रंग तव्यावरच्या पापडासारखा फुगून आला. पत्तीने खरवडला. मग अरफा पॉलिश पेपर घेऊन बसली. त्या पंज्याच्या जागेवर आली, तेव्हा हाताखाली काहीतरी धडधडलं. धम्... धम्... धम्... ठेक्यात. कॉम्प्रेसर चालू असेल, असं तिला वाटलं. तिने मान वर केली. वीज गेलेली होती. शेडमध्ये पाखराचासुद्धा आवाज नव्हता.

ती तशीच घासत राहिली. पंजा गेला, तशी धडधड थांबली. आणि का कुणास ठाऊक, तिला वाईट वाटलं.

बुधवारी प्रायमर झाला, दुपारी पिवळा रंग बसला. तारेला टांगलेली ती बॉडी उन्हात गरगर फिरत होती. अख्ख्या शेडला हळद लागल्यासारखी.

गुरुवारी सकाळी तिच्या वरच्या काठावर हात उमटला होता.

तेलकट बोट लागलं की रंग तिथून मागे सरकतो, हे रंगाऱ्याच्या लेकीला सांगावं लागत नाही. तसाच सरकला होता. बोटांच्या आकाराने.

"अरफा!" अब्बांचा आवाज चढला. "ओल्या रंगाला हात? तू?"

"मी नाही, अब्बा."

"मग काय भुतानं लावला? शेडमध्ये तुझ्याशिवाय येतं कोण? आजपासून इथं पाय ठेवायचा नाही."

अरफाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेडमध्ये तिची जीभ पहिल्यांदाच अडखळली. अब्बांनी सगळं पुन्हा घासलं, थिनरने दोनदा पुसलं, नवा थर मारला. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तिला घरी घेऊन गेले.

शुक्रवारी सकाळी कुलूप उघडलं. अरफा उंबऱ्याच्या बाहेर थांबली. आत अब्बा नुसते उभे.

"बेटा..." ते हळू म्हणाले. "जरा आत ये."

हात परत तिथेच होता.

अरफाने आपला पंजा त्याच्यावर, न टेकवता, धरला. अंगठा जुळला. तीन बोटं जुळली. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "अब्बा, माझी करंगळी पूर्ण आहे..."

रंगातली करंगळी अर्धीच होती.

तेवढ्यात मागून चपला वाजल्या. सूर्यभानकाका बेस न्यायला आले होते. त्यांनी तो हात पाहिला आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. अब्बा घाईने म्हणाले, "काका, माफ करा, दुपारपर्यंत परत मारून देतो, शुक्रवार चुकणार नाही..."

"हात लावू नका," काका म्हणाले. डोळे भरले होते, आणि हसत होते. "कडबा कुट्टीच्या मशिनीत गेलती करंगळी. आमच्या रतनबाईची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, भाई. मी वाजवाया बसलो की म्होरं येऊन हितं हात ठेवायची. हातानं ऐकायची. चुकलो की चापट! अख्खा ऑर्केस्ट्रा मला भ्यायचा न्हाई, तिला भ्यायचा." त्यांनी नाक पुसलं. "लेकीची हळद हाय. येनारच की."

अब्बांनी लॅकर भरलेली स्प्रे गन अरफाच्या हातात दिली. "चूक माझी झाली, बेटा. वरचा शेवटचा हात तू मार. आणि उद्यापासून शाळा सुटली की इकडंच यायचं."

अरफाने त्या साडेचार बोटांवरून अशी हलकी गन फिरवली, जशी झोपलेल्याच्या अंगावर चादर टाकतात.

दुपारी लॅकर सुकल्यावर दांडा, तारा परत चढल्या आणि संध्याकाळी केडगावला आम्ही दोघीही होतो. मांडवात पिवळा बेस असा झळकत होता की नवरीपेक्षा लोक त्याचेच फोटो काढत होते. सहा वर्षांनी काकांची बोटं अडखळली. एक सूर चुकला. आणि चट्!

चापटीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. काकांच्या समोर कुणीही नव्हतं. काका मनगट चोळत मोठ्याने हसले, "व्हय, व्हय, कळलं!" आणि असं काही वाजवलं, की हळद लागलेली जया पाटावरून उठून नाचायला लागली.

अरफा नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून उभी होती. कुणीतरी तिच्या पाठीवर ठेका धरला. थोपटून, थोपटून. जा, जा, असं. पाठीमागे तर भिंत. तरी ती गेली, आणि काय नाचली! आमच्या वर्गात कुणी खरं मानणार नाही.

घरी आल्यावर तिच्या पांढऱ्या ओढणीवर पाठीच्या जागी साडेचार बोटं हळदीची निघाली. तिच्या अम्मीने तीनदा धुतली. हळदीला साबण लागला की ती लाल होते. ही झाली नाही. चौथ्यांदा धुतील म्हणून अरफाने ओढणी माझ्याकडे ठेवायला दिली. आत्ता समोर खुर्चीवर आहे.

बाहेर वरात चाललीय, बेंजोवाले आहेत. पंखा बंद आहे, तरी ओढणीचा तेवढाच भाग वर-खाली होतोय, बरोब्बर ठेक्यावर. आणि भीती वाटायच्या ऐवजी माझे पायच...

खालून आई हाक मारतेय. विचारतेय, वर कोण आलंय गं तुझ्याकडे, एवढ्या टाळ्या कोण वाजवतंय? आले आई, आले! कुणी नाही गं, वर तर मी एकटीच...