धुतलेलं रॉकेट

"'उडवलेलं नाही,'" ब्रिनच्या धाकट्या भावाने, ओटिसने, काचेच्या कपाटाला नाक चिकटवून वाचलं. "ब्रिन, हे तुझ्याच रॉकेटच्या कागदावर लिहिलंय बघ."

ब्रिन इतक्या झटकन वळली की हातातलं लिंबूसरबत अर्धं जमिनीवर गेलं. केटलर जिल्ह्याच्या जत्रेचा तो दुसरा दिवस होता. प्रदर्शनाच्या पत्र्याच्या दालनात पंखे नुसतेच घरघरत होते. मुरंब्याच्या बरण्या आणि गोधड्या यांच्या पलीकडे जिल्ह्याच्या मुलांच्या क्लबमधली रॉकेटं आणि पतंग ओळीने मांडले होते. त्यातलं पांढरं, तपकिरी पट्ट्यांचं रॉकेट बारा वर्षांच्या ब्रिन हावलिचेकचं. नाव 'टिटवी'. मार्चपासून खपून तिने ते तयार केलं होतं आणि मक्याच्या शेताजवळून तीनदा उडवलं होतं. तशी नोंद लिहून तिने खाली सही केली होती. त्या सहीवरच आता लाल पेनाची रेघ होती. 'उडवलेलं नाही. काजळीचा मागमूस नाही. नोंद खोटी दिसते. बाद.'

"खोटी?" ब्रिनने तो शब्द पुन्हा वाचला. "मी खोटं लिहिलं म्हणे."

रॉकेट बाद झालं याचं वाईट तर वाटलंच. पण तो एक शब्द तिच्या जिव्हारी लागला. हा कागद संध्याकाळी सगळा जिल्हा वाचणार होता, आणि त्यात तिचे बाबाही असणार होते.

"काजळी होती ना?" टेटने विचारलं. टेट म्हणजे या दोघांचा तेरा वर्षांचा मावसभाऊ. दरवर्षी तो जत्रेतल्या स्पर्धेच्या रिंगणात वासरू दाखवायचा, त्यामुळे अंगाला वासरांचा वास आणि तोंडात सतत काहीतरी खाणं. आत्ता काडीला लावून तळलेला कॉर्न डॉग होता.

"होती म्हणजे? या दोन पंखांच्या मधे तळहाताएवढा डाग होता. परवा मी स्वतः इथे ठेवलं तेव्हा होता."

क्लबचा नियमच होता तसा. रॉकेट नुसतं रंगवून चालत नाही, ते जत्रेआधी उडवलेलं असावं लागतं, आणि शेपटाकडची काजळी हा त्याचा पुरावा. म्हणून ती कुणी पुसत नाही. काही पोरं तर ती मिरवतात.

"मग गेली कुठे?" टेट म्हणाला. "पाय फुटले तिला?"

तिघं तडक परीक्षकांच्या टेबलाकडे गेले. मिसेस प्रुइट गुणपत्रिकेनेच वारा घेत बसल्या होत्या.

"सकाळपासून चाळीस रॉकेटं बघितली मी," त्या म्हणाल्या. "समोर जे दिसतं त्यावरच निकाल द्यावा लागतो. चार वाजता यादीवर सही होईल. त्याआधी पुरावा असेल तर आण. आणि कपाटाला हात लावायचा नाही, कळलं?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पुरावा कुठून आणू मी?" ब्रिन परत कपाटापाशी आली. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण डोळे ऐकत नव्हते.

"तू रड, मी बघतो," ओटिस म्हणाला. तो नऊ वर्षांचा होता आणि असंच बोलायचा. मग त्याने भुवया आकसल्या. "थांबा. माझ्या पतंगाला काय केलंय हे?"

ओटिसच्या पतंगाला लोकरीच्या धाग्यांचं लांबलचक शेपूट होतं. निदान परवापर्यंत तरी लांबलचक होतं. आता ते कुणीतरी नीट विंचरून, फुगवून, गोल गोळा करून दोरीने बांधलं होतं.

"मी नाही असं बांधलं. असं बांधलं तर उडेल का तो?"

टेटचा घास तोंडातच राहिला. "हे शेपूट मी ओळखतो."

"माझ्या पतंगाचं आहे, ओळखशीलच."

"तसं नाही रे. हे वासराचं शेपूट आहे. म्हणजे रिंगणात न्यायच्या आधी वासराचं शेपूट आम्ही असंच विंचरून गोळा बांधतो. आणि दोरीची ही गाठ बघ. अशी दुहेरी गाठ मारणारा माणूस जिल्ह्यात एकच आहे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मिस्टर रोल्फ्स! सेहेचाळीस वर्षं त्यांनी जत्रेचा गोठा सांभाळला होता. या वसंतात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि समितीने त्यांना गोठ्यातून उचलून या दालनात आणून बसवलं. हातात कपाटाची किल्ली दिली आणि सांगितलं, आरामात बसा. पण मिस्टर रोल्फ्स आणि आराम यांची कधी भेटच झाली नव्हती.

"वासरू रिंगणात न्यायच्या आधी काय करतात?" ब्रिनने हळूच विचारलं.

"धुतात," टेट म्हणाला. "घासून घासून."

तेवढ्यात मागच्या दारात बादली खणखणली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली, खांद्यावर फडकं आणि खिशात ब्रश. मिस्टर रोल्फ्स मोठ्या मुलांच्या फळीकडे निघाले होते. त्या फळीवरच्या अकरा रॉकेटांचं परीक्षण अजून व्हायचं होतं.

ब्रिन आडवी गेली. "मिस्टर रोल्फ्स, ते धुऊ नका, प्लीज."

"लाजतेस कशाला, पोरी? तुझं तर मी पहिलं घेतलं हातात, बाकीची आता घेतो. पार बरबटलेलं होतं. आता बघितलंस का कसं लखलखतंय?" म्हाताऱ्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "मळकं जनावर रिंगणात न्यावं का कुणी?"

ब्रिनने बादलीची कडी धरून ठेवली. रागवावं तरी कुणावर? आणि इथे आरडाओरडा केला असता तर साऱ्या दालनासमोर त्यांची शोभा झाली असती.

टेटने मात्र डोकं चालवलं. "मिस्टर रोल्फ्स, माझ्या वासराचं शेपूट काही केल्या बसत नाहीये. तुम्ही एकदा बघता का? पाचला रिंगणात जायचंय."

दोन दिवस कुणीतरी हे विचारावं म्हणूनच ते बसले होते जणू. बादली तिथेच खाली ठेवून ते गोठ्याकडे निघाले, आणि ते इतक्या भरभर की गुडघ्याच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला असता.

ओटिस बादलीपाशी पहाऱ्याला बसला. ब्रिनने मिसेस प्रुइटना अक्षरशः ओढत आणलं आणि सगळं सांगितलं. बादलीतलं पाणी काळंकुट्ट होतं.

"कुणीतरी काहीतरी धुतलं, एवढं दिसतंय," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "पण ते तुझंच रॉकेट, आणि ते उडालेलं होतं, हे कशावरून मानू?"

ब्रिनने डोळे मिटून क्षणभर विचार केला. "फडकं बाहेरून फिरतं. पण पॅराशूट ढकलून काढणारा दारूचा बार आत उडतो. तुम्ही टोक काढा आणि आत बोट घालून बघा."

मिसेस प्रुइटनी आपल्याकडची दुसरी किल्ली काढली. 'टिटवी'चं टोक अलगद उपसलं आणि नळीत बोट घातलं. बाहेर आलं ते दुसऱ्या पेरापर्यंत काळं. त्यांनी ते नाकाशी नेलं. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांचा वास तिघांनाही आला.

"हे सकाळीच करायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. "उकडत होतं, घाई होती. पण एखाद्या मुलीला खोटं ठरवायला ही कारणं पुरत नाहीत. माझं चुकलं, ब्रिन. आणि मोठ्यांची चूक अशी न ओरडता दाखवून देणं सोपं नसतं. शाबास."

"मिस्टर रोल्फ्सना रागवू नका," ब्रिन म्हणाली. "त्यांना ते चांगलंच करायचं होतं."

"कुणाला रागवायचंय?"

मिस्टर रोल्फ्स दारात उभे होते. त्यांच्यामागे टेट हताश चेहऱ्याने हात हलवत होता. शेपूट दोन मिनिटांत बसलं होतं! म्हाताऱ्याने काळं बोट बघितलं, बादली बघितली, मग कागदावरचा तो लाल शब्द वाचला. खुर्ची चाचपत ते बसले.

"माझ्यामुळे पोर खोटी ठरली?" ते पुटपुटले. "मग हे मलाच निस्तरायला हवं."

संध्याकाळी रिंगणाभोवती सगळा जिल्हा जमला होता. फिती वाटायच्या आधीच मिस्टर रोल्फ्स काठी टेकत माइकपाशी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली.

"ब्रिन हावलिचेकचं रॉकेट तीनदा उडालंय," ते म्हणाले. "तिने तसं लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. काजळी मी धुतली. वासरांतलं मला कळतं, रॉकेटातलं कळत नाही. पण पोरांना विचारायचं मला सुचलंच नाही. तिने मला चारचौघांत बोल लावला असता तरी चाललं असतं. तिने ते केलं नाही. ब्रिन, उभी राहा. लोकांना बघू दे."

ब्रिन उभी राहिली. टाळ्या सुरू झाल्या, आणि कधी कशाला टाळ्या न वाजवणारे तिचे बाबा सगळ्यांत जोरात वाजवत होते. एक पंख जरा तिरका होता, म्हणून सर्वोच्च मानाची जांभळी फीत हुकली आणि तिच्याखालची निळी मिळाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. दुपारपासून छातीवर बसलेला दगड उतरला होता.

फीत लावून झाल्यावर मिस्टर रोल्फ्स तिच्याजवळ रेंगाळले. "इतकी वर्षं जत्रेत काढली, पण यातलं एकही रॉकेट उडताना बघितलं नाही मी."

"उद्या सकाळी सातला आमच्या शेतावर या," ब्रिन म्हणाली. "बटण तुम्ही दाबा."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि पुन्हा काढली.

"सहालाच येतो," ते म्हणाले.