वरच्या खोलीतला दुसरा राउटर

मला आधी कळलं असतं, तर त्या मेल्या वायरवाल्याला मी दारातूनच हाकलला असता!

माझी धाकटी वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करते. वर नेट पोचेना. म्हणाली, "आई, मी ऑफिसजवळ भाड्यानं खोली घेते." म्हटलं, दुसरा राउटर लाव, पण घर सोडायचं नाव काढू नकोस.

तर हा आला. ही ओल्या केसांनी जिना उतरतेय, हा वायरचं भेंडोळं घेऊन चढतोय. दोघं मध्येच थबकली.

"तुम्ही आधी..."

"नाही — तुम्हीच."

"अरे, कुणीतरी हला!" मी खालून ओरडले.

जाताना मला म्हणतो, "आजी, वरच्या राउटरनं खालच्याचं ऐकायचं, असं लावून दिलंय. नाहीतर दोघं भांडतात नि नेट जातं."

आजी! माझी कवळीसुद्धा नाही अजून!

पुढं नेट सारखं जायला लागलं. हा यायचा, ही लाजायची.

"पुन्हा सगळं विसरला वाटतं तुमचा राउटर?"

"विसरभोळाच आहे तो. तुम्ही नाही ना विसरत... काही?"

"ओले केस तर नाहीच."

एकदा मी दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढले. बघते तर काय, बाईसाहेब केसांचा आकडा राउटरच्या मागच्या भोकात खुपसून बसलेल्या! ते दाबलं की त्यानं लावून दिलेलं सगळं पुसलं जातं म्हणे. माझ्या घरात, माझ्या नाकावर टिच्चून!

मी फोनवरच त्याला झाडला. "पुन्हा पाय ठेवलास तर बघ!"

मग नेट झकास चालू, पोरीचं मात्र जेवणात लक्ष नाही. परवा हळूच म्हणाली, "आई, ती खोली अजून रिकामी आहे..."

असा संताप आला! तशीच वर गेले, माझ्या अंबाड्यातला आकडा उपसला, त्या भोकात दाबून धरला, आणि त्याला फोन लावला.

"नेट गेलंय."

"आता कशानं गेलं, आजी?"

"माझ्या आकड्यानं! उद्या ये, येताना तुझ्या घरच्यांनाही आण. वरची खोली दोघांना पुरते, भाड्याची बघायची नाही. आणि खबरदार, मला आजी म्हणालास तर!"

"मग... काय म्हणू?"

"काय म्हणू, काय? ती जे म्हणते तेच म्हण!"