एका गाडीत चार पाय

अपघातग्रस्त गाड्यांच्या आवारात तो मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा एका चेपलेल्या छोट्या गाडीच्या खिडकीतून अर्धा आत घुसून ड्रायव्हरच्या सीटवरची उशी ओढत होता. एक हात गळ्यात बांधलेला. पावसाची भुरभुर चालू होती.

"पुराव्याला हात लावू नका," मी म्हटलं.

दचकून त्याने डोकं आपटून घेतलं. "उशी माझी आहे."

"सहा फुटी माणसाला सीटवर उशी कशाला लागते?"

तो थांबला... "मूळव्याध," म्हणाला.

पहिल्याच भेटीत बाईला मूळव्याध सांगणारा पुरुष एक तर निर्लज्ज असतो, नाहीतर थापाड्या. हा कानापर्यंत लाल झाला होता, म्हणजे थापाड्या. बरा वाटला. उशी मी जप्त केली.

माझं काम असं की, गाडीत एक छोटी डबी असते. धडक झाली की आधीच्या पाच सेकंदांची नोंद ती जपून ठेवते — वेग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, स्टिअरिंग, पट्टे. मी ती वाचते. माणसं रडतात, शपथा घेतात. डबी यातलं काही करत नाही, त्यामुळे माझं तिच्याशी जास्त पटतं.

हा ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. स्कूलच्याच गाडीने खांबाला धडक दिलेली. त्याचा जबाब — गाडीत मी एकटाच, चूक माझी. जबाब टिकला असता, तर शिकवायचा परवाना गेला असता, म्हणजे नोकरीही.

डबीत मात्र अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, आणि त्याच क्षणी ब्रेकही. "सेन्सर बिघडलाय, सोड," साहेब म्हणाले. मला पटेना. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही ब्रेक असतो. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता, आणि ड्रायव्हरची सीट पार पुढे सरकवलेली.

मी त्याला बोलावलं. तो दोन कॉफी घेऊन आला.

"अहवालावर सही होईपर्यंत मी तुमच्याकडून पाणीसुद्धा घेत नाही. दोन्ही तुम्हीच प्या."

तो मुकाट्याने प्यायला लागला. ओठावर फेस लागला होता... मी कागदात बघितलं.

"गुडघे कानाला लावून गाडी चालवत होतात का?"

त्याला हसू आवरेना. मग ते मावळलं.

"आई होती," तो म्हणाला. "साठीला आलीय. बाबा तिला उठता-बसता म्हणतात, तुला जमायचं नाही. त्यांना हे कळलं तर तिचं शिकणं संपलं. तिला मी सांगितलंय, दंड भरून सुटेन. राहू द्या ना... नोकरीचं मी बघून घेईन."

"डबी हो म्हणणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही," मी म्हटलं. वाईट वाटलं, पण म्हटलं.

तो गेल्यावर स्टिअरिंगची नोंद उघडली. शेवटच्या क्षणी ते जोरात फिरलं होतं. खांब ड्रायव्हरच्या समोर यायचा, तो शेजारच्या सीटवर आला. भीतीने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय रोवून बसलेल्या बाईला हे सुचणं शक्य नव्हतं. त्याने फिरवलं होतं, धडक स्वतःवर घ्यायला. मी खुर्चीत मागे टेकले. इथे तो मला आवडला. खूप आवडला.

अहवालात मी सगळं लिहिलं. त्याची आई जबाबाला आली — ठेंगणी, ताठ. "नोकरी जाणार होती? आणि हा मेला मला दंड सांगतो!" स्टिअरिंगचं पान तिने दोनदा वाचलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "याच्या बापाशी मी बोलते. परीक्षा तर मी देणारच."

नोकरी राहिली. अहवाल रवाना झाल्यावर काही आठवड्यांनी तो घुश्शात माझ्या खोलीत आला.

"तुम्ही माझं ऐकलं नाहीत."

"नाही."

"आई नापास झाली. पुन्हा देणार म्हणते. आता बाबाच शेजारी बसून सराव घेतायत, जीव मुठीत धरून."

"मग तक्रार काय आहे?"

त्याने अहवालाची प्रत टेबलावर ठेवली. "दोघं होतो, हे सांगून तुमचं काम झालं होतं. स्टिअरिंगचं कुणी विचारलंही नव्हतं. ते कशाला लिहिलंत... तेही एवढं पानभर?"

थाप मलाही मारता आली असती.

"मला ते परत परत वाचायचं होतं," मी म्हटलं.

तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला. मग मीच उठले, आणि त्याचा दुखरा हात सांभाळून धरला.