बोलकी चरबी

कोल्हापुरात आता कुणाचे गुडघे सुजत नव्हते. अपवाद एकच, पोरींच्या तालमीच्या वस्ताद अंबूताई खिलारे. वजन सव्वाशे किलो, रक्तात साखर, आणि साऱ्या शहरानं घेतलेल्या, चरबीला गप्प करणाऱ्या ‘मेदमौन’ सुईला साफ नकार. आज सुई घेतली नाही तर तालमीला कुलूप लागणार, असा सरकारी मेद-मंडळाचा हुकूमच होता.

सुई घेऊन डॉ. मृण्मयी लागू स्वतः आल्या. मेदमौन त्यांचाच शोध.

“ताई, चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तूप नव्हे,” त्या म्हणाल्या. “ती बोलते. रक्तात काही प्रथिनं सोडते, ते तिचे निरोप. चरबी फार वाढली की ती उगाचच ‘धावा, धावा’ असे निरोप धाडत सुटते. शरीराच्या रक्षक पेशी धावून येतात. शत्रू कुणीच नसतो, मग त्या घरच्यांनाच झोडपतात. अंगभर मंद दाह धुमसत राहतो. तुमचे गुडघे, तुमची साखर, सगळं त्यातलंच. ही सुई चरबीचं तोंड बंद करते. कायमचं.”

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच तर अवघड होतं. शहरातले हृदयविकार निम्म्यावर आले होते, ते कोण नाकारणार?

“आणि खरंच शत्रू आला तर?” अंबूताईंनी विचारलं. “चंपे, हिकडं ये. पाय दाखव बाईंना.”

चंपा गुरव म्हणजे तालमीची नव्वद किलोची लाडकी पैलवान. सगळ्या पोरींबरोबर तिनंही सुई घेतली होती. नंतर पायात खिळा घुसला. घुसला तेव्हा कळ आली तेवढीच. पुढं सूज नाही, ठणका नाही, म्हणून ती रोज मातीत उतरत राहिली. आता पट्टी सोडली तर जखम तशीच उघडी, कडा काळ्या पडलेल्या, वरून वास.

डॉक्टरांचा चेहरा उतरला.

“रक्षकांना पुरेशी हाकच गेली नाही,” त्या म्हणाल्या. “वाटलं होतं, बाकीचं शरीर सांभाळून घेईल. पण उपाय आहे. एक छोटं यंत्र बसवू. जखम झाली की ते मंडळाला कळवेल, मग मंडळ तेवढ्यापुरते चरबीला निरोप सोडू देईल.”

“म्हणजे माझ्या अंगानं हाक मारायची का न्हाई, ते तुमचं हापिस ठरवणार?” अंबूताई उठल्या. “लावा कुलूप. माझी चरबी भांडखोर हाय, उगाच कालवा करती, मान्य. पण माझी हाय. तिचं तोंड मी कुणाला बांधू द्यायची न्हाई.”

त्यांनी चंपाला खांद्यावर घेतलं आणि दवाखान्यात न्यायला गाडीकडे निघाल्या. दोन्ही गुडघे जीव खात होते.

“वस्ताद, उतरवा की. चालते मी,” चंपा हसत म्हणाली. “खरंच काय दुखत न्हाई.”

“म्हणून तर उचललीया,” अंबूताई म्हणाल्या.