साखरपुडा होईपर्यंत

मुलगी बघायला आलेल्या मंडळींत सगळ्यांची नजर नवऱ्या मुलावर असते. त्याच्या धाकट्या भावाकडे कोण कशाला बघतंय! पण ऋजुताने बघितलं. नौपाड्यातल्या त्यांच्या छोट्या हॉलमध्ये ती पोह्यांचा ट्रे फिरवत होती. थोरली बहीण विनिता पदर सावरत बसली होती, समोर नवरा मुलगा प्रफुल्ल घाम पुसत होता... आणि कोपऱ्यात त्याचा भाऊ सर्वेश चमच्याच्या टोकावर चार पोहे घेऊन ते कसेबसे ओठांतून आत सारत होता.

"लाजतोय हो," त्याची आई म्हणाली. "डोंबिवलीहून निघाल्यापासून गप्पच आहे."

तेवढ्यात त्याच्या घासात मिरची आली. डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं, आणि "एक मिनिट हं" म्हणत तो गॅलरीत गेला. ऋजुता पाणी घेऊन मागोमाग गेली.

"पाहुणा परत येऊ नये म्हणून करता का असे पोहे?" घोटभर पाणी पिऊन त्याने विचारलं. हसलाही... पण अर्धाच. गाल मागे सरकलाच नाही.

एरवी ऋजुताने त्याला चांगलं सुनावलं असतं. पण ती दातांची डॉक्टर होती, स्टेशनजवळच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या तोंडात बघायची. असं हसणं तिने पाहिलं होतं.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"अं? पहिल्याच भेटीत?"

"मोठ्ठं उघडा. आता स्वतःची तीन बोटं उभी धरून आत घाला."

तीन गेली नाहीत. दोनसुद्धा कशीबशी. तिने मोबाईलचा टॉर्च लावला. उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, मधोमध लालसर आणि खडबडीत. तिने टॉर्च आणखी जवळ नेला.

"तंबाखू?"

"छे! नुसती सुपारी. बांधकामाच्या साइटवर दिवसभर चघळायचो. चार महिने झाले सोडून."

"नुसती सुपारीही पुरते हो. कुणाला दाखवलंत?"

त्याने ग्लास कठड्यावर ठेवला. "आमच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलंय, तुकडा काढून तपासा म्हणून. करणारच आहे... एकदा दादाचं लग्न होऊ दे. बाबा तोंडाच्या कॅन्सरने गेले ना. ते कळल्यावर दोन स्थळं मोडली आमची. तुमच्या बाबांनी सगळं ऐकून तरीही बोलावलं. आता घरात दुसरा निघाला तर? प्लीज... कुणाला बोलू नका."

आतून हसू ऐकू आलं. विनिताचं. एकतिसाव्या वर्षी, अकरा स्थळांना चहा देऊन झाल्यावर, ताई पहिल्यांदा इतकं मोकळं हसत होती. ऋजुताच्या तोंडून शब्द निघून गेला, "नाही बोलणार. पण उद्या दवाखान्यात यायचं."

तिथेच ती चुकली.

साखरपुडा पुढच्या रविवारचा ठरला. सोमवारी सर्वेश आला नाही. मंगळवारी मेसेज आला, 'आज स्लॅब भरायचाय. उद्या नक्की.' बुधवारी आणखी एक, 'डॉक्टर, सगळ्याच पेशंटची अशी वाट बघता का?' तिने लिहिलं, 'फक्त टांग मारणाऱ्यांची.' गालातल्या गालात हसलीही ती, आणि लगेच स्वतःचाच राग आला. तो चट्टा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. जेवताना ताई साड्यांचे फोटो दाखवायची आणि ऋजुता नुसती मान डोलवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

गुरुवारी दुपारी ती थेट दिव्याला त्याच्या साइटवर जाऊन उभी राहिली. अर्धवट बांधलेल्या इमारतीसमोर पाण्याचा टँकर आला होता, आजूबाजूच्या बायका हंडे आणि पिंपं घेऊन रांगेत होत्या. पिवळं हेल्मेट घातलेला सर्वेश जिना उतरून धावतच आला.

"तुम्ही? इथे?"

"मी आज ताईला सांगणार आहे."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "तुम्ही शब्द दिलेला!"

"दिलेला. मोडतेय."

"अहो, दादाचं लग्न मोडेल!"

"मोडू दे! दोन महिने घालवलेत, आता लग्न होईपर्यंत अजून तीन? लवकर सापडलं तर थोडक्यात निभावतं, नाहीतर जबडा काढायची वेळ येते. माझा राग करा तुम्ही. आयुष्यभर करा... पण त्याला आयुष्य तर पाहिजे ना!"

तिचा आवाज फाटला. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. ऋजुताने ओढणीने डोळे पुसले. भांडायचं ठरवून आली होती ती, रडायचं नव्हे.

सर्वेशने हेल्मेट काढून हातात धरलं.

"बाबांची पट्टी मी बदलायचो," तो हळूच म्हणाला. "शेवटी शेवटी त्यांना पाणीही गिळता येईना. मला माहितीय ते कसं असतं. दादाचं लग्न... खरं सांगू? निमित्त आहे थोडं. ते रिपोर्टचं पाकीट उघडायची हिंमत नाहीये माझ्यात."

"मग मी उघडेन. तुकडा तर काढू द्या."

त्याने हेल्मेट काखेत मारलं. "माझ्यासाठी दिव्याला कधी कुणी आलं नव्हतं."

"कोण येईल? पाणी तरी येतं का इथे?"

"येतं की," तो म्हणाला, "टँकरने." आणि दोघंही हसली, डोळ्यांत पाणी असतानाच. मग तो म्हणाला, "ताईंना तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

शुक्रवारी तुकडा काढला. शनिवारी संध्याकाळी सर्वेश भावाला घेऊन नौपाड्यात आला आणि सगळ्यांसमोर सगळं बोलला. ऋजुताचे बाबा चष्मा काढून नुसते पुसत बसले. विनिता उठली, ती आधी बहिणीवरच कडाडली, "आठवडाभर माझ्या शेजारी बसून जेवलीस आणि एक शब्द नाही?"

ऋजुताने मान खाली घातली. विनिता प्रफुल्लकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"आज सकाळी कळलं. दोन ठेवून दिल्या मी त्याला... आणि मग..." प्रफुल्लने सर्वेशच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्याचा साखरपुडा नको करूया. तुम्ही नाही म्हणालात तरी समजेन मी. पण मला आधी हा बरा झालेला पाहिजे."

विनिताने बाबांच्या हातातून चष्मा काढून घेतला. "बाबा," ती म्हणाली, "भावासाठी साखरपुडा थांबवणारा माणूस मला चालेल. हॉलवाल्याला फोन करा, पुढची तारीख घ्या."

रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी आला. ठाण्याच्या हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून ऋजुताने पाकीट उघडलं, दोनदा वाचलं. कॅन्सर होता. लहान, सुरुवातीचा, ऑपरेशनने निघण्यासारखा... पण होता.

तिने सांगितलं. सर्वेशने भिंतीला पाठ टेकली.

"तुम्ही सुटलात आता," तो म्हणाला. "दिवा झालं, पाकीट झालं. यापुढचं माझं मी बघतो."

"सुटलात म्हणे!" ती भडकली. "तू घाबरलायस ना?"

तिने पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं होतं, आणि ते त्याने ऐकलं. "खूप."

"मी पण."

"ऋजुता... ऑपरेशननंतर गाल वाकडा झाला तर?"

"वाकड्या गालाचं स्थळ मी नाकारलंय का अजून?"

त्याने चमकून वर पाहिलं. "तू... मला मागणी घालतेयस?"

"कुणीतरी घालायला नको? तुझ्यावर सोडलं तर तू पुढच्या लग्नसराईपर्यंत ढकलशील!"

त्याने तिचा हात धरला, घट्ट, आणि दोघं जिना चढून वर गेली.

वर डॉक्टरांच्या खोलीबाहेर त्याची आई बसली होती. शेजारच्या खुर्चीवर फायलींची पिशवी आणि डबा होता. तिने मान वर केली. "अगं, विनिताची बहीण ना तू? दवाखाना सोडून कशी आलीस?"

ऋजुताने सर्वेशकडे पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "ही माझ्यासाठी आलीय."

आईची नजर मुलावरून ऋजुतावर गेली, तिथून त्यांच्या एकमेकांत गुंतलेल्या हातांवर आली. तिने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली, डबा उचलला, दोन्ही मांडीवर घेतलं आणि ऋजुताला म्हणाली, "बस."