पाठीवरचं मीठ

वळून न बघताच तिने पक्कड मागे धरली आणि म्हणाली, "आलात एकदाचे. तीन दिवस वाट बघतेय. पट्टा घसरतोय, बाकी काही नाही."

दारात उभ्या असलेल्या तरुणाने ती पक्कड घेतली. खरं तर त्याला पत्रकार परिषदेला जायचं होतं. जिन्याखाली डावीकडे वळायचं सोडून तो उजवीकडे वळला, आणि स्टेडियमच्या पोटातल्या त्या लांबलचक बोळातून थेट फुटबॉल संघाच्या कपड्यांच्या खोलीत येऊन थडकला. "मी... म्हणजे मला जरा—" असं काहीतरी तो पुटपुटलाही. पण ती वॉशिंग मशिनच्या मागे अर्धी आत शिरलेली होती आणि तिथून फक्त हुकूम बाहेर येत होते.

"आधी पाणी बंद करा. तो नळ नाही हो, खालचा."

माणूस गरीब स्वभावाचा. बाह्या दुमडून कामाला लागला. त्याच्या वडिलांचं शिलाई यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं, त्यामुळे पट्टा चढवणं त्याला अगदीच नवं नव्हतं. वीस मिनिटांनी मशिन घरघरलं आणि फिरायला लागलं. ती कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत उभी राहिली. नाकाच्या शेंड्याला काळं लागलं होतं, तिला पत्ताच नव्हता.

"कागद द्या, सही करते."

त्याने खिशातून वही काढली, तर वहीबरोबर वर्तमानपत्राचं ओळखपत्र तिच्या पायाशी पडलं. तिने ते उचललं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"तुम्ही मेकॅनिक नाही?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

"मग पक्कड का घेतलीत?"

"तुम्ही दिलीत म्हणून. आणि... तुमच्या नाकाला काळं लागलंय."

खरं तर तिला राग यायला हवा होता. बाहेरच्यांना प्रवेश नाही अशी दारावर केवढी पाटी होती. पण तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. खरा मेकॅनिक गुरुवारी उगवला, पट्ट्याकडे बघून म्हणाला, "हा कुणी उलटा बसवलाय? चालतोय ना? मग हात नका लावू." तोवर तिच्यापुरतं त्या तरुणाचं नाव मेकॅनिक पडून गेलं होतं.

ते वर्षच तसं होतं. गावाच्या संघाने पाच वर्षांत चार विजेतेपदं मिळवली होती, आणि अचानक त्याचं गाडं अडखळायला लागलं होतं. एक बरोबरी, दुसरी बरोबरी, मग तळाच्या संघाकडून हार. न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, आपला संघ उतरणीला लागलाय का? कुणी म्हणे चार दिवसांचा ताप आहे, कुणी म्हणे संपलं सगळं. संपादकाने हा प्रश्न नेमका आमच्या मेकॅनिकच्या गळ्यात बांधला होता. दर मंगळवारी सदर लिहायचं, आणि हंगाम संपायच्या आत काय ते ठाम उत्तर द्यायचं. उत्तर द्यायला हा नवखा, वीस-बावीस सामने पाहिलेला. कुठून देणार?

उत्तर होतं ते त्या खोलीत, दोरीवर.

तिचा मामा तीस वर्षं संघाचे कपडे सांभाळत होता. आईवडिलांच्या मागे त्यानेच तिला वाढवलं आणि हाताशी घेतलं. जुन्या प्रशिक्षकांची एक रीत होती. रविवारच्या सामन्याच्या जर्सी लगेच धुवायच्या नाहीत. रात्रभर दोरीवर वाळवायच्या, आणि सोमवारी सकाळी ते हात मागे बांधून त्या रांगेतून एक चक्कर मारायचे. गडद निळ्या कापडावर घाम वाळला की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात. जो जीव तोडून धावला त्याच्या पाठीवर रेघांवर रेघा, जो उभा राहिला त्याची पाठ कोरी. म्हातारबुवा कुणाला काही बोलत नसत. पुढच्या सामन्यात कोण बाकावर बसणार ते मात्र तिथेच ठरायचं. ते निवृत्त झाले, नवे साहेब आले. ते सगळं पडद्यावर बघत, त्या खोलीत त्यांचं पाऊल कधी पडलं नाही. तरी मामा रविवारी जर्सी दोरीवर टाकायचाच. "सवय आहे," म्हणायचा. आणि मामाचा दुसरा दंडक, खोलीतलं खोलीत. तीस वर्षांत इथला एक मोजा कुणाचा ते बाहेर कळलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मेकॅनिक पुन्हा दारात.

"पट्टा कसा आहे ते बघायला आलो."

"बरा आहे. तुमची आठवण काढतो."

"फक्त पट्टाच?"

"मशिनचं मला सांगता येत नाही. ते आतल्या गाठीचं आहे."

तो सोमवार, मग त्याच्या पुढचा. कधी तो वरच्या मजल्यावरच्या यंत्रातला चहा दोन कागदी पेल्यांत घेऊन यायचा, बोळातून येईपर्यंत अर्धा सांडलेला. ती मोज्यांच्या जोड्या लावायची, तो चुकीच्या जोड्या लावून मदत करायचा. त्याचा शर्ट नेहमी कडक इस्त्रीचा.

"तुमच्या शर्टावर कधी काही दिसत नाही," ती एकदा म्हणाली.

"काय दिसायला हवं?"

"काही नाही. बसून लिहिणारी माणसं तुम्ही."

त्याला काही कळलं नाही, आणि ती मान खाली घालून हसली. साबणाच्या वाफेने खोली उबदार असायची, वरच्या झरोक्यातून पायऱ्यांवर झाडू फिरल्याचा आवाज यायचा. सोमवार इतका लवकर कसा संपतो याचं तिला त्या दिवसांत नवल वाटायला लागलं होतं.

चूक झाली ती चौथ्या की पाचव्या सोमवारी. आदल्या दिवशी संघ घरच्या मैदानावर हरला होता. तो आला तो चेहरा पाडूनच. "सगळ्या गावाला विचारून झालं," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी विचारत नाही, नाही का? तुम्हाला काय वाटतं?"

खरंच कुणी विचारत नव्हतं. कुणीच कधी विचारलं नव्हतं. "मला काय कळतंय" म्हणून ती मोकळी झाली असती. पण तिने दोरीवरची एक जर्सी उतरवली आणि झरोक्याच्या उजेडात धरली. "हा आपला बचावपटू. बघा, किती रेघा." मग दुसरी, तिसरी. "गेल्या वर्षी अकराच्या अकरा अशा असायच्या. आता चार." मग तिने आठ नंबर उतरवला. कर्णधाराचा. सतराव्या वर्षी संघात आला तेव्हा मामाने त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली होती. आठ नंबरची पाठ नव्यासारखी निळी होती.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "पळतच नाही तो. बहुतेक पळवतच नाही त्याला..." आणि बोलता बोलता तिने जर्सी पटकन छातीशी ओढली. मामाच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. हे छापून आलं तर कुठून गेलं हे शेंबडं पोरही सांगेल, कारण वाळलेली जर्सी बघणारी माणसं जगात दोनच. मामाची तीस वर्षं तिने एका दमात परक्या माणसाच्या हातात ठेवली होती.

"हे... इथलं आहे," ती कशीबशी म्हणाली.

त्याने उघडी वही मिटली. पेनाला टोपण लावलं. "चहा गार झाला," एवढंच म्हणाला.

पण पेनाचं टोपण ते, पुन्हा काढता येतं. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. मंगळवारी सकाळी वर्तमानपत्र येताच तिने आधी सदराचं पान उघडलं. सदरात वाऱ्याच्या दिशेबद्दल काहीतरी मोघम लिहिलेलं होतं. पुढच्या मंगळवारी खेळाडूंच्या दुखापतींबद्दल. त्याच्या पुढच्या मंगळवारी तर काहीच धड नाही. वाचकांची पत्रं यायला लागली, या गृहस्थांना फुटबॉल कळतं का? दुसऱ्या वर्तमानपत्राने ठणकावून लिहिलं, संघ संपला. आणि याच्या हातात हुकमाचं पान असून हा गप्प. सोमवारी यायचा, चुकीचे मोजे जुळवायचा, आठ नंबरकडे बघायचाही नाही.

हंगामाच्या शेवटच्या मंगळवारी त्याने लिहिलं, "संघ उतरणीला लागला आहे का, हे मला सांगता येणार नाही." बस्स. सगळं गाव हसलं. न्हाव्याने ते कात्रण आरशाला चिकटवलं.

संघ सहावा आला. संपादकाने त्याला दूरच्या शहरातल्या कार्यालयात पाठवलं, बाजारभावाच्या पानावर.

निघायच्या आदल्या दिवशी तो आला. खोलीत नव्या हंगामाचे खोके पडले होते.

"का नाही लिहिलंत?" तिने विचारलं. इतके दिवस तोंडाशी येऊन परत गेलेला प्रश्न.

"ते माझं नव्हतं."

"तुम्हाला हसतात सगळे."

"हसू देत. तुम्ही पहिल्या दिवशी हसला होतात, मला आवडलं होतं." तो खोक्याची पट्टी उगाच सोलत राहिला. "मला एक... म्हणजे, उद्या सकाळी अकराची बस आहे."

"हो का," ती म्हणाली.

"हो."

बोलायचं होतं ते दोघांचंही राहून गेलं, आणि बोलून झालं ते बसचं वेळापत्रक. तो गेल्यावर तिने धुतलेलेच टॉवेल पुन्हा धुवायला टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाने मशिन बंद केलं. "कोरडे टॉवेल धुतेयस सकाळपासून. काय झालंय?"

तिने सगळं सांगितलं. दोरी, झरोका, आठ नंबर, अकराची बस. सांगताना मामाकडे बघायचं धाडस झालं नाही. मामा बराच वेळ घड्या घालत राहिला.

"म्हणजे त्याला माहीत होतं."

"हो."

"हिवाळ्यापासून?"

"हो, मामा. चुकलं माझं."

"तुझं चुकलं ते चुकलंच. त्याबद्दल तुझ्याशी नंतर बोलेन." मामाने शेवटची घडी थोपटली. "पण जो माणूस खोलीतलं खोलीत ठेवतो, नोकरीवर पाणी सोडतो, त्याच्याकडून तू बसचं वेळापत्रक ऐकत बसलीस? मग इथे काय करतेयस अजून?"

"बस अकराला गेली, मामा."

"दुसरी असेल. आमच्या वेळी तर दोनच होत्या, तरी तुझी मामी हातची गेली नाही."

ती ओल्या हातांनीच पळाली. बोळ, जिना, मागचं दार. दार ढकललं आणि तिथेच थबकली.

पायरीवर तो पाठमोरा बसला होता. शेजारी बॅग. डोक्यावर भर दुपारचं ऊन. अंगात गडद निळा शर्ट, इस्त्री केव्हाच मोडलेली. आणि त्या शर्टाच्या पाठीवर, खांद्यापासून कंबरेपर्यंत, मिठाच्या पांढऱ्या रेघा. एकीवर एक, ओळीने वाळलेल्या.

तिला ते वाचता येत होतं. तिच्याइतकं ते कुणालाच वाचता येत नव्हतं.

"कुठून चालत आलात?" तिने मागूनच विचारलं.

तो दचकला, उठला नाही. "नदीपलीकडून. बस पुलावर चढली आणि मला वाटलं, आपण काहीतरी विसरलोय. ती थांबेपर्यंत बरीच पुढे गेली होती."

"बॅग घेऊन? या उन्हात?"

"मधे पळालोही थोडा. वाटलं, तुम्ही जेवायला घरी जाल."

"दोन तास तरी झालेत तुम्हाला इथे बसून," ती म्हणाली. "शर्ट पूर्ण वाळलाय. आत का नाही आलात?"

"पाटी आहे ना. बाहेरच्यांना प्रवेश नाही."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. ओले हात मांडीवर ठेवले. "मेकॅनिकला असतो," ती म्हणाली.

मग तो वळला. आणि काय विसरला होतास असं तिने विचारलं तेव्हा — हो, तेव्हाच पहिल्यांदा ती तुम्हीवरून तूवर आली — त्याने तिच्या नाकाच्या शेंड्यावरचा साबण बोटाने पुसला आणि म्हणाला, "तुला सांगायचं राहिलं. माझं प्रेम आहे तुझ्यावर. बहुतेक त्या पक्कडीपासून."

"माझं चहापासून," ती म्हणाली. "अर्धा सांडलेल्या."

तो संध्याकाळच्या बसने गेला, जावंच लागलं. पण दर रविवारी यायचा, सामना असो वा नसो. वर्षभराने मामा ताठ मानेने निवृत्त झाला, त्याच महिन्यात त्यांचं लग्न झालं, आणि तो गावात परतला तो कायमचा.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. संघ खरोखरच उतरला. खालच्या श्रेणीत गेला, दोनदा वर आला, पुन्हा गेला. खोली आता तिच्या ताब्यात आहे आणि जर्सी अजून रविवारी दोरीवर जातात. तो सोमवारी चहा घेऊन येतो, केस पांढरे झालेले, चहा अजून सांडतो. गाव अजून तोच प्रश्न विचारतं, आणि तो अजून म्हणतो, मला सांगता येणार नाही.

घरी कपाटात खालच्या कप्प्यात एक गडद निळा शर्ट आहे. "धुऊन तरी टाक," तो कधीतरी म्हणतो, "विटला पार." आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुतलेली ती बाई त्याचं एवढं एक ऐकत नाही. रेघा केव्हाच झडून गेल्यात, पाठ कोरी दिसते. पण कुठली कुठे होती ते तिला ठाऊक आहे. डोळे मिटून, बोट फिरवून, ती अजून पुलापासूनची सगळी वाट सांगू शकते.