गुळव्याचा हात

एकाहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याजवळ मावशीकडे गेले होते. नगरला नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. मावशीने काकवी आणायला प्रवरेकाठच्या गुऱ्हाळावर पाठवलं. तिथे वाफेत एक उंच गुळव्या उभा होता. मी चरवी पुढे केली, चिखलात पाय घसरला, आणि त्याने मला धरलं... एकाच हाताने. दुसरा हात त्याने तोल सावरायला रस उकळणाऱ्या काहिलीच्या काठावर टेकवला होता.

"सावकाश, शिस्टरबाई. काहिलीत पडला असता तर आजची ढेप लई गोड निघाली असती!"

"मी सिस्टर आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या मावशीनं अख्ख्या गावाला सांगितलंय."

माणसं हसली. मीही हसले असते, पण त्याचा हात अजून त्या तापल्या काठावरच होता.

"हात!" मी ओरडले.

त्याने सावकाश उचलला. करंगळीकडची कड भाजून पांढरी पडली होती. चुलाणाशी बसलेला म्हातारा कौतुकाने म्हणाला, "आमच्या गोरक्षनाथाला चटका बसतच न्हाई. लई दमाचा गडी!"

गावाला तो दम वाटत होता. मला वर्गातला धडा आठवला. कातडीपासून मज्जारज्जूपर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत नसांचं जाळं असतं; काही नसा खबर वर नेतात, काही हुकूम खाली आणतात. चटका बसला की मज्जारज्जू मेंदूची वाटसुद्धा बघत नाही. हात आधी मागे येतो, दुखतं नंतर. तिथे दमाचं काही चालत नाही. हा हात मागे आला नव्हता, म्हणजे खबर निघालीच नव्हती.

एका चटक्यावरून काही ठरत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पट्टी बदलायला रोज जाऊ लागले. पट्टी निमित्तच होती. त्याचं 'तुमी' कधी 'तू' झालं, मला कळलंही नाही.

"माझा कारभारीमामा तुझ्या मावशीकडं येनार हाय," एक दिवस तो खाली मान घालून म्हणाला. "मागनी घालायला. न्हाई तर म्हननार न्हाईस?"

अंगावर काटा आला माझ्या, सुखाने. आणि त्याच क्षणी भीती वाटली.

"आधी बाही वर करा."

"आत्ताच? मामाला येऊ तर दे!"

मी त्याच्या कोपरामागे बोट फिरवलं. तिथली नस बारीक लागायला हवी. ती सुतळीसारखी जाड लागली. कोपराखाली फिकट चट्टा होता. पट्टीचं निमित्त सोडून त्याला पहिल्यांदा आपणहून हात लावला तो असा.

"काय झालं गं? तोंड का उतरलं?"

"मला महारोगाची शंका येते," मी म्हणाले. "नस सुजलीय. डॉक्टरांनी बघायला हवं. गोळ्या असतात, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, पण रोग थांबतो. नाही घेतल्या तर बोटं वाकतील."

"आन गेलेलं परत येतं?"

"येईलच असं नाही."

त्याने बाही खाली ओढली. "माझ्या हातचा गूळ कुनी खानार न्हाई आता." मग माझ्याकडे बघून हळूच, "आन तू?"

मी डोळे लपवायला त्याच्या पट्टीवर वाकले. तो उठून गेला. मामाही मग आले नाहीत.

सुट्टी संपली. अकोल्याहून नगरला जाणाऱ्या एसटीत तो शेवटच्या बाकावर पिशवी घेऊन बसलेला दिसला.

"दवाखान्यात येतोय," तो म्हणाला. "तू पुढं बस."

मी त्याच्याशेजारी बसले.

"ऊठ, विमल. तू त्या दिशी काय बोलली न्हाईस, तेच बराबर हुतं."

"मला रडू येत होतं. बोलता येईना."

"मला दया नगं."

"दया कुणाला आलीय? मला तुम्ही हवे आहात. मामांना पाठवा."

"गोळ्या चालू असतानाबी?"

"तरीही."

"तोंडानं बोलनं सोपं असतं," तो म्हणाला. भाजलेला हात बाकावर टाकून त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. "हा हात धर बरं सगळ्यांदेखत. मंग मानीन."

गाडी सुटली. पलीकडच्या बाकावरची बाई आमच्याकडे टक लावून बघू लागली. तिने शेजारणीला कोपर मारलं. गोरक्षनाथ बाहेरच बघत होता. उसाची शेतं मागे पडली, संगमनेर जवळ आलं.

"न्हाई ना धरवत?" तो म्हणाला. "मला ठाव हुतं."

"खाली बघा," मी म्हणाले.

त्याने बघितलं. अकोल्यापासून त्याची करंगळी माझ्या मुठीत होती.